दोन्ही मोड स्थिर, तरी सिस्टिम उधळते? स्विचिंग करताना या चुका टाळा

नागपंचमीला झाडाला बांधलेला झोका उभं राहून चढवला असेल, तर या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुमच्या गुडघ्यांना आधीच माहीत आहे. हलत्या झोक्यावर नुसतं उभं राहिलं तर झोका हळूहळू थांबतो. नुसतं बसून राहिलं तरी थांबतो. पण टोकाला गेल्यावर खाली बसायचं आणि झोका तळाशी आला की ताडकन उभं राहायचं, असं सुरू केलं की कुणी धक्का न देता तो चढत जातो. बसणं आणि उभं राहणं दोन्ही झोका शांत करणारं, तरी अदलाबदलीची वेळ साधली की ऊर्जा भरली जाते.

कंट्रोलवाले, म्हणजे यंत्रांचं नियंत्रण डिझाइन करणारे इंजिनिअर, याला स्विच्ड सिस्टिम म्हणतात: वागण्याच्या दोन किंवा जास्त रीती, म्हणजे मोड, आणि त्यांच्यात अदलाबदल. गिअर बदलणारी गाडी, चालू-बंद होणारा कंप्रेसर, सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणारा पॉवर सप्लाय, दोन ट्यूनिंगमध्ये (सेटिंगच्या दोन संचांत) उड्या मारणारा पीआयडी कंट्रोलर हे सगळे याच जातीचे. आणि यातल्या बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं. प्रत्येक मोड सुटा तपासला जातो, पण मोड बदलतो कोण आणि कधी, हे कुणी विचारत नाही.

आयगेनव्हॅल्यू बघून सही करणं

ही चूक सर्रास होते, म्हणून जरा आकडेमोड करू. मायकेल ब्रॅनिकी यांच्या १९९८ च्या पेपरमधली ही जोडी प्रसिद्ध आहे (क्ष′ म्हणजे क्ष बदलण्याचा वेग):

मोड अ: क्ष′ = −क्ष + १०य, य′ = −१००क्ष − य
मोड ब: क्ष′ = −क्ष + १००य, य′ = −१०क्ष − य

दोन्हींच्या आयगेनव्हॅल्यू, म्हणजे मोड किती वेगाने विरतो आणि फिरतो हे सांगणारे आकडे, अगदी सारख्या (वास्तव भाग उणे असला की मोड स्थिर): वास्तव भाग −१, काल्पनिक भाग ±३१.६. कुठलाही मोड एकटा चालवा, बिंदू फिरत फिरत शून्यावर येतो. परीक्षेत इथेच पूर्ण मार्क मिळतात.

आता क्ष = १, य = ० पासून मोड अ सुरू करा. बिंदू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एका उभट लंबवर्तुळाकार वाटेने निघतो आणि पाव फेरी मारून ०.०५ सेकंदात य-अक्षावर पोचतो. तिथे य = −३.०१. ऱ्हास अजिबात नसता तर −३.१६ झाला असता, म्हणजे ऱ्हासाने आपलं काम केलंय, फक्त ते पुरेसं नाही. बरोबर इथे मोड ब लावा. त्याची वाट आडवी पसरलेली. आणखी पाव फेरीनंतर क्ष = −९.०५. पुन्हा अ, पुन्हा ब. एक पूर्ण फेरी ०.२ सेकंदात होते आणि तेवढ्यात शून्यापासूनचं अंतर ८२ पट झालेलं असतं.

क्रम उलटा करा, म्हणजे जिथे अ होता तिथे ब आणि ब होता तिथे अ. त्याच फेरीनंतर अंतराचा जेमतेम १२२ वा भाग उरतो. मॅट्रिक्स (समीकरणांतल्या आकड्यांचे चौकोन) त्याच, आयगेनव्हॅल्यू त्याच. तेव्हा "ही सिस्टिम स्थिर आहे का?" असं कुणी विचारलं तर आधी उलट विचारावं: स्विच कुणाच्या हातात आहे? आपण ठरवलेल्या नियमाच्या, घड्याळाच्या, की मनाला येईल तेव्हा बटण दाबणाऱ्या ऑपरेटरच्या? तिन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात.

"हळूहळू स्विच करा, काही होत नाही"

सल्ला बरोबर आहे, पण हळू म्हणजे किती, हे सांगितल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. वरच्या जोडीसाठी ते काढता येतं. मोड अ ची ऊर्जा १०क्ष² + य² धरा आणि ब ची क्ष² + १०य². आपापल्या मोडमध्ये दोन्ही सेकंदाला २ या घातांकाने घटतात. एकाच बिंदूवर एकीची किंमत दुसरीच्या जास्तीत जास्त १० पट असू शकते. म्हणजे प्रत्येक स्विचला वाईटात वाईट १० पटीचा फटका आणि तो भरून काढायला १० चा नैसर्गिक लॉग भागिले २, म्हणजे १.१५ सेकंद. प्रत्येक मोडमध्ये यापेक्षा जास्त मुक्काम असेल तर कुणी कसाही स्विच करो, सिस्टिम शून्यावर येणारच. हा किमान मुक्काम, म्हणजेच ड्वेल टाइम. जुआव हेस्पान्या आणि स्टीफन मोर्स यांनी १९९९ मध्ये त्यात सवलत दिली: मुक्काम सरासरीने पुरेसा असला तरी चालतो, अधूनमधून दोनचार स्विच घाईत झाले तर बिघडत नाही. प्रत्यक्ष प्लांटवर हीच सवलत कामाला येते, कारण अलार्म वाजल्यावर कुठलाही मोड १.१५ सेकंद पुरे व्हायची वाट बघत नाही.

पण यावरून "जितकं जलद तितकं वाईट" असा निष्कर्ष काढणं ही पुढची चूक. हीच जोडी दर मिलिसेकंदाला आलटून पालटून चालवली, तर सिस्टिम जवळपास दोन्ही मॅट्रिक्सच्या सरासरीसारखी वागते आणि ती सरासरी स्थिर आहे. दोन सेकंदांनी बदलली तरी स्थिर. आणि दर ०.०५ सेकंदाला बदलली की फुटते. धोका मधल्या पट्ट्यात बसलेला असतो. त्यामुळे सगळ्यांत मंद आणि सगळ्यांत जलद अशा दोन टोकांच्या चाचण्या पास झाल्या म्हणून फाइल बंद करू नये.

सरासरीवरही डोळे झाकून विश्वास नको. एका मोडमध्ये क्ष′ = −क्ष + १०य, य′ = −य आणि दुसऱ्यात क्ष′ = −क्ष, य′ = १०क्ष − य असं घ्या. दोन्ही स्थिर, आयगेनव्हॅल्यू −१ आणि −१. सरासरीची एक आयगेनव्हॅल्यू मात्र +४. ही जोडी जलद स्विचिंगमध्येच उधळते.

उतरते तुकडे बघून समाधान मानणं

रिपोर्टमध्ये असा ग्राफ हमखास असतो: चालू मोडची ऊर्जा, प्रत्येक तुकडा खाली उतरणारा. बघणारा मान डोलावतो. वरच्याच उदाहरणात बघा. मोड अ पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा त्याची ऊर्जा १०, संपतो तेव्हा ९.०५. उतरली ना? पण मधे ब ची पाळी होऊन अ पुन्हा सुरू होतो तेव्हा तीच ऊर्जा ८२० असते. तपासायचं ते हे: एकाच मोडमध्ये शिरतानाच्या किमती एकाखाली एक लिहा. १०, ८२०, आणि पुढे अशाच चढत्या निघाल्या की तुकडे कितीही उतरते असोत, व्यर्थ. अनेक लायापुनॉव फलनांची (वरच्या ऊर्जेसारख्या, मोड चालताना घटत जाणाऱ्या मापांची) पद्धत वापरताना लोक नेमकी हीच अट गाळतात.

याच्या उलट टोकाची चूकही होते. सर्व मोडना एकच वर्गात्मक (१०क्ष² + य² सारखं) लायापुनॉव फलन शोधायला सॉफ्टवेअरला सांगितलं, त्याने "सापडत नाही" म्हटलं आणि सिस्टिम अस्थिर ठरवून डिझाइन मोडीत काढलं. हे चुकीचं आहे. कसंही स्विच केलं तरी स्थिर राहणाऱ्या, पण ज्यांना समाईक वर्गात्मक फलनच नाही अशा जोड्या असतात. दयावंश आणि मार्टिन यांनी १९९९ मध्ये तशी जोडी दाखवली आहे. फलन सापडलं तर खात्री, नाही सापडलं तर काहीच कळलं नाही, असं धरायचं. त्याआधी एक फुकटची तपासणी जरूर करा: दोन्ही मॅट्रिक्सचा गुणाकार उलटसुलट करून एकच येतो का? मॅट्रिक्स स्थिर असतील आणि गुणाकार एकच येत असेल, तर समाईक फलन असतंच. नरेंद्र आणि बाळकृष्णन यांचा १९९४ चा निकाल. लोक हे सोडून थेट सॉल्व्हर चालवायला बसतात.

आणि सगळ्याला उत्तर देणारा एकच प्रोग्रॅम शोधत बसू नका. दोन मॅट्रिक्सचे कुठल्याही क्रमाने केलेले सगळे गुणाकार मर्यादेत राहतील का, हे दरवेळी अचूक सांगणारी कृती असूच शकत नाही, हे ब्लॉन्डेल आणि सित्सिक्लिस यांनी २००० मध्ये सिद्ध केलं आहे.

सिम्युलेशन खोटं बोलतं तेव्हा

वरची ब्रॅनिकीची जोडी साध्या ऑयलर पद्धतीने (आत्ताचा वेग धरून पुढच्या क्षणाचा आकडा काढत जाणं), ०.०१ सेकंदाची पायरी घेऊन चालवून बघा. स्विच न करता एकटा मोड अ चालवला तरी आकडे वाढत जातील. सिस्टिमचा त्यात दोष नाही, पायरीचा आहे. इथे ऑयलरला सुमारे ०.००२ सेकंदापेक्षा लहान पायरी लागते. मग सिम्युलेशनने "अस्थिर" म्हणून दाखवलेला ग्राफ बरोबर की चूक, हे कसं ओळखायचं? प्रत्येक मोड आधी एकटा चालवून. तोच उधळला तर पुढचं काही बघू नका. उलटी फसगतही होते: पायरी मोठी असली की स्विचची सीमा ओलांडल्याचं उशिरा कळतं, स्विच चुकीच्या जागी होतो आणि नेमका धोकादायक क्रम निसटतो.

सिम्युलेशन एका क्षणापाशी अडकून बसलं असेल तर कॉम्प्युटरला शिव्या देण्याआधी झीनोचा, म्हणजे मर्यादित वेळेत अनंत स्विच होण्याचा, विचार करा. १ मीटरवरून सोडलेला चेंडू दर उसळीला ८० टक्के वेग राखत असेल, तर गणितात तो साधारण चार सेकंदांत अनंत वेळा उसळतो. सिम्युलिंक हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर अशा ठिकाणी लागोपाठ १००० झीरो क्रॉसिंग (इथे जमिनीला टेकण्याचे क्षण) मोजून थांबतं. कुणीतरी ती मर्यादा वाढवतं, मग ते जरा उशिरा थांबतं, इतकंच. अशा वेळी मॉडेल बदलावं लागतं: ठरावीक वेगाखाली चेंडू टेकला असं धरायचं.

अस्थिर मोड दिसला की घाबरणं

थोडक्यात सांगतो. बूस्ट कन्व्हर्टरमध्ये (व्होल्टेज वाढवणाऱ्या पॉवर सप्लायमध्ये) स्विच बंद असताना, म्हणजे वाहत असताना, आदर्श इंडक्टरचा (कॉइलचा) करंट वाढतच जातो. तो मोड एकटा चालवला तर काहीतरी जळेल. तरी तशी हजारो उपकरणं रोज निमूट चालतात, कारण त्या मोडमध्ये कुणी राहत नाही. दोन्ही मोड अस्थिर असले तरी योग्य क्रमाने स्विच करून स्थिरता आणता येते. वरच्या अ आणि ब मध्ये क्ष आणि य समोरचे −१ बदलून +१ करा आणि उलटा क्रम लावा: दर फेरीला सुमारे ८२ वा भागच उरतो.

हिस्टेरेसिसचा मलम

सीमेपाशी कॉन्टॅक्टर (विजेचा मोठा स्विच) खडखड करायला लागला की हिस्टेरेसिस लावायचं, म्हणजे जायची आणि परत यायची सीमा वेगवेगळी ठेवायची, हा आमच्या धंद्यातला घरगुती उपाय. खडखड त्याने थांबते. वाढत जाणारा झोका थांबेलच असं नाही, कारण वरच्या उदाहरणात एका फेरीत फक्त चार स्विच होतात, खडखड नाहीच. तिथे हिस्टेरेसिस स्विचची जागा जरा सरकवेल, एवढंच.

हे मी स्वतः एका ओव्हनवर शिकलो. सेट पॉइंट १२५ अंश. १२० च्या खाली जोरकस ट्यूनिंग, वर सौम्य. दोन्ही ट्यूनिंग मीच वेगवेगळी घासूनपुसून दिली होती. महिन्याने फोन: तापमान ११७ ते १२३ मध्ये झुलतंय, १२५ ला पोचतच नाही. तोवर त्यांनी सेन्सर दोनदा आणि एसएसआर (हीटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) एकदा बदलला होता. मेंटेनन्सचे काका म्हणाले, "साहेब, दोन्ही ट्यूनिंग तुम्हीच करून दिलीत ना? मग आता?" उत्तर नव्हतं. मी हिस्टेरेसिस लावलं, ११८ आणि १२२. झुलणं तसंच राहिलं, जरा संथ झालं.

लॉगमध्ये तापमान होतं, आउटपुट होतं, पण त्या क्षणी कुठलं ट्यूनिंग चालू आहे हे नव्हतं. तो एक बिट लॉगमध्ये घातला आणि तासाभरात दिसलं: सीमा ओलांडताच आउटपुट ७० टक्क्यांवरून थेट ४० वर पडत होतं. दोन्ही पीआयडींना आपापले इंटिग्रेटर, म्हणजे आजवरच्या फरकांची बेरीज साठवणारे आकडे, होते. पाळी नसलेला पीआयडी आपला जुना आकडा उराशी धरून झोपायचा आणि पाळी आली की त्याच आकड्यापासून उठायचा. म्हणजे मी तापमान ही एकच स्थिती मोजत होतो आणि सिस्टिममध्ये आणखी दोन लपलेल्या होत्या. माझं सगळं विश्लेषण चुकीच्या मॅट्रिक्सवर झालेलं.

दुरुस्ती दोन ओळींची निघाली. स्विचच्या क्षणी येणाऱ्या पीआयडीचा इंटिग्रेटर असा भरायचा की त्याचं आउटपुट जाणाऱ्याइतकंच निघेल: चालू आउटपुटमधून नवा गेन (फरकाला गुणायचा आकडा) गुणिले त्या क्षणाचा सेट पॉइंटपासूनचा फरक वजा करा, उरेल ते इंटिग्रेटरमध्ये टाका. मॅन्युअलवरून ऑटोवर जाताना झटका बसू नये म्हणून हेच करतात. दोन ऑटोंमध्येही ते लागतं, हे मला सुचलं नव्हतं. वर मी ३० सेकंदांचा किमान मुक्काम ठेवला. हिस्टेरेसिसही राहू दिलं, सीमेपाशी उगाच उड्या नकोत म्हणून.

ओव्हन त्याच संध्याकाळी १२५ वर जाऊन बसला. काढलेले दोन्ही सेन्सर काकांच्या कपाटात अजून आहेत. दोन्ही चांगले आहेत.