करिअर काउन्सेलरला पैसे द्यायच्या आधी एवढं बघा (बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांसाठी)

मागच्या महिन्यात येळ्ळूरहून वहिनींचा फोन आला. "अगं, ते करिअर काउन्सेलर 15 हजार मागायलेत, द्यायचे काय?" मी विचारलं, वहिनी, तुम्हाला त्यांना नेमकं काय विचारायचंय? तर पलीकडं गप्प. मग म्हणाल्या, "म्हणजे पोराचं पुढं काय करायचं ते सांगतील की." मी म्हटलं आधी एक वही घ्या, पोराला शेजारी बसवा आणि जे जे माहीत नाही ते सगळं लिहून काढा, 15 हजाराचं नंतर बघू.

हे मी उगीच सांगत नाही. माझे स्वतःचे पैसे असेच गेलेत. 29 वर्षांची होते, बी.कॉम. करून उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात सहा वर्षं बिलिंग आणि डिस्पॅच बघत होते आणि रोज सकाळी बसमध्ये बसलं की वाटायचं, आयुष्यभर हेच करायचं काय. ऑनलाइन शोधून पुण्यातल्या एका सल्लागाराला साडेआठ हजार भरले, दोन तासाची टेस्ट झाली, 32 पानी रंगीत रिपोर्ट आला. त्यात टीचिंग, एचआर, इव्हेंट मॅनेजमेंट. पुढं त्यांनी जे कोर्स सुचवले त्यातल्या दोनची फी-सवलत महाराष्ट्राच्या डोमिसाइलवाल्यांना होती आणि मी बेळगावची आहे हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलंच नाही. चूक त्यांची होतीच, पण मीही काही न ठरवता गेले होते, "मला सांगा मी काय करू" एवढंच घेऊन.

तर वही. वहीत लिहिलेले प्रश्न नीट बघितले की ते वेगवेगळ्या जातीचे निघतात आणि सगळ्यांना सल्लागार लागत नाही.

काही प्रश्न निव्वळ माहितीचे असतात. केसीईटीची (कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेची) रँक कशी काढतात, डिप्लोमा करून इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं का, आयटीआयला कुठले ट्रेड आहेत, फी किती. ह्याला पैसे देऊ नका. केईएच्या (ती परीक्षा घेणाऱ्या सरकारी संस्थेच्या) वेबसाइटवर माहितीपत्रक असतं, कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारता येतं, तिथं शिकणारं गावातलं एखादं पोरगं गाठता येतं. नोकरीवाल्यांना केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल आहे, 2015 पासून चालू, नाव नोंदवायला फुकट.

काही प्रश्न निवडीचे असतात. दोन्ही वाटांची माहिती आहे, दोन्ही जमण्यासारख्या आहेत आणि तरी महिनाभर रोज मत बदलतंय. किंवा सहा-सात वर्षं नोकरी झालीय आणि आपल्याला ह्यातलं नेमकं काय आवडतं तेच कळेना झालंय. चांगला सल्लागार खरा उपयोगी पडतो तो इथं, आणि इथं पैसे द्यायला माझी हरकत नाही.

तिसरे घरचे. मुलीला नर्सिंगला जायचंय, वडिलांना इंजिनिअरिंग पाहिजे, आजोबा म्हणतात डीएड कर आणि गावात रहा. हा प्रश्न करिअरचा कमी आणि घरातल्या बोलण्याचा जास्त असतो, तरी त्यातही सल्लागाराचा उपयोग होतो कारण बाहेरच्या माणसानं शांतपणे सांगितलेलं घरच्यांना पटतं. पण मग "आईवडिलांशीही बसून बोलणार काय, आणि मराठीत बोलणार काय" हे आधी विचारून घ्या. नुसतं पोराला इंग्रजीत समजावून पाठवलं तर घरी येऊन पुन्हा तेच भांडण.

आणि एक जात अशी की तिथं सल्लागाराचं काम नाहीच. पगार तीन महिने थकलाय, साहेब त्रास देतोय, घरात कर्ज आहे, झोप लागत नाही, कशातच मन लागत नाही. मन फार खचलं असेल तर टेलि-मानस ह्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, आधी तिथं बोला. करिअरचं सहा महिन्यांनी बघितलं तरी चालतं.

आता आपल्या भागाचं. मला सगळ्यात जास्त कळकळीनं सांगायचंय ते हेच. आपण राहतो कर्नाटकात, शिकतो मराठीत, डोळे निम्मे कोल्हापूर-पुण्याकडं आणि निम्मे हुबळी-बंगळूरकडं, त्यामुळं एकाच राज्याचे नियम माहीत असलेला सल्लागार कितीही हुशार असला तरी आपल्याला अर्धाच उपयोगी. म्हणून पैसे द्यायच्या आधी त्याचीच छोटी परीक्षा घ्या. खाली जे सांगतेय त्यातलं दोन-तीन सहज बोलता बोलता विचारायचं.

विचारा की केसीईटीला आणि महाराष्ट्राच्या सीईटीला बारावीचे मार्क कसे धरतात. कर्नाटकात इंजिनिअरिंगच्या रँकला पीयूसीचे (म्हणजे बारावीचे) फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सचे मार्क निम्मे आणि सीईटीचे निम्मे धरतात. महाराष्ट्रात मेरिट लागतं ते सीईटीच्या स्कोअरवर, बारावीला ठरलेले किमान टक्के असले की झालं. म्हणजे बोर्डाला भरपूर मार्क मिळवणारं पण एमसीक्यूत अडखळणारं पोरगं कर्नाटकात पुढं सरकतं आणि त्याच पोराचं महाराष्ट्रात तसं होत नाही. हा फरक ज्याला माहीत नाही तो तुम्हाला कॉलेजची यादी कुठल्या आधारावर करून देणार?

अकरावी-बारावीला पोराला कोल्हापूर किंवा लातूरला घालू काय हेही विचारा. कर्नाटकच्या कोट्यातून सरकारी सीट पाहिजे असेल तर साधारणपणे पहिली ते बारावीत किमान 7 वर्षं कर्नाटकात शिकलेलं असावं लागतं, आणि दहावी किंवा बारावी इथून पास झालेलं असणंही बघतात. पहिली ते दहावी खेड्यातल्या शाळेत झाली असेल तर 15 टक्के ग्रामीण आरक्षण आहे, त्याचा दाखला शाळेतून वेळेत काढावा लागतो. खानापूर तालुक्यातल्या कितीतरी पोरांचं हे नुसतं कागद वेळेत नाहीत म्हणून हुकतं, मला फार वाईट वाटतं त्याचं.

जातीच्या दाखल्याचंही तेच. मराठा समाज कर्नाटकात 3बी ह्या मागास प्रवर्गात येतो, महाराष्ट्रातली आरक्षणाची व्यवस्था पूर्ण वेगळी आहे आणि आपला इथला दाखला तिथं तसाच चालत नाही. पुण्याच्या कट-ऑफच्या तक्त्यावर बोट ठेवून कोणी सांगायला लागला की तुम्हाला इथं मिळेल, तर थांबवा त्याला. तसंच "तुमच्या उत्तर कर्नाटकाला 371जे आहे की" (मागास भागाला राखीव जागा देणारं घटनेतलं कलम) म्हणणाराही भेटेल. ते कलबुर्गी, बिदर, रायचूर त्या बाजूला आहे, बेळगाव जिल्ह्याला नाही.

उलट आपल्या हक्काची एक गोष्ट बऱ्याच सल्लागारांना माहीतच नसते. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात सीमाभागातल्या उमेदवारांसाठी वेगळा प्रकार आहे, टाइप ई म्हणतात त्याला. दहावी किंवा बारावी विवादित सीमाभागातल्या संस्थेतून पास आणि मातृभाषा मराठी, ही अट. शाळा-कॉलेज त्या भागात असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, असे दोन दाखले ठरलेल्या नमुन्यात लागतात. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांच्या जाहिरातीतही दावा सांगितलेल्या 865 गावांतल्या मराठी भाषिकांचा उल्लेख असतो, त्याला 15 वर्षं वास्तव्याचा दाखला लागतो. आणि ज्याला कर्नाटक सरकारच्या नोकरीत जायचंय त्यानं कन्नडचा पेपर धरूनच तयारी करायची, तिथं पळवाट नाही. दरवर्षी नियमात थोडंफार बदलतं, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा, सल्लागार असला तरी.

ह्या प्रश्नांना "मला बघून सांगावं लागेल, उद्या फोन करतो" असं उत्तर आलं तर घाबरू नका, तो माणूस चांगला असायची शक्यता जास्त. न बघता ठोकून देणारा नको.

टेस्टबद्दल

आपल्याकडं करिअर काउन्सेलर म्हणून बोर्ड लावायला कुठलं लायसन लागत नाही. त्यामुळं शिकलात काय आणि कुठं, हे विचारायला लाजू नका. मानसशास्त्रात एम.ए. असेल, एनसीईआरटीचा गाइडन्स अँड काउन्सेलिंगचा डिप्लोमा असेल (तो मैसूरच्या केंद्रातही होतो), किंवा पंधरा-वीस वर्षं कंपनीत एचआरचं काम केलेलं असेल, तर काहीतरी पाया आहे असं समजायचं. दोन दिवसांच्या वर्कशॉपचं सर्टिफिकेट हा काही पाया नाही.

बोटांचे ठसे घेऊन मेंदूचा कुठला भाग तेज आहे ते सांगणारी डीएमआयटी नावाची टेस्ट शाळाशाळांतून विकतात. तिला शास्त्रीय आधार नाही. कोणी ती सुचवली की तिथंच नमस्कार करून उठा, कितीही सवलत दिली तरी.

बाकीच्या अ‍ॅप्टिट्यूड आणि आवडीच्या टेस्ट चुकीच्या नाहीत, पण त्या कुठल्या भाषेत आहेत हे बघा. मराठी माध्यमात दहावी झालेल्या पोराला इंग्रजीत शाब्दिक तर्काचे प्रश्न दिले तर ती टेस्ट तर्क मोजत नाही, इंग्रजी मोजते. रिपोर्टमध्ये "भाषिक क्षमता कमी" असं छापून येतं आणि मराठीत सुंदर निबंध लिहिणारं पोरगं मान खाली घालून घरी येतं. मी हे डोळ्यांनी बघितलंय. टेस्ट मराठीत आहे काय, नसेल तर आकृत्या आणि आकड्यांचा भाग वेगळा बघून सांगाल काय, एवढं विचारा. महाराष्ट्रात 2016 पासून काही वर्षं बोर्डातर्फे दहावीच्या पोरांची कल चाचणी व्हायची, आपली पोरं कर्नाटक बोर्डाची म्हणून आपल्याला तीही मिळाली नाही, मग तर इथं जास्तच जपून.

पैशांबद्दल

फुकट सल्ला म्हटलं की एकच प्रश्न विचारा, तोंडावर: "तुम्हाला कुठल्या कॉलेजकडून ॲडमिशनमागे पैसे मिळतात काय?" हो म्हणाला तर तो सल्लागार नव्हे, एजंट. एजंट वाईटच असतो असं नाही पण तो दाखवेल ती कॉलेजं त्याच्या यादीतलीच असणार, बाहेरची नाही. निकालाच्या आठवड्यात हॉटेलच्या हॉलमध्ये भरणारी मार्गदर्शन शिबिरं बहुतेक ह्यातलीच. "आज बुक केलं तर सीट नक्की" म्हणाले की पाणी पिऊन बाहेर या. आणि जो नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागतो त्याला सल्लागार म्हणायचंच नाही, दुबई-मस्कतचं असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटची नोंदणी आधी तपासा.

फी देणार असाल तर पॅकेज घेऊ नका. एका बैठकीचे पैसे द्या, ती झाली की आठ दिवस जाऊ द्या, मग पुढचं ठरवा. पहिल्या बैठकीत कोण जास्त बोललं ते आठवून बघा. माझ्या पुण्याच्या कॉलमध्ये पाऊण तास तेच बोलत होते.

नंतर दोन वर्षांनी ओळखीतून बेळगावातच एक निवृत्त एचआरवाले काका मिळाले, एका बैठकीचे 600 घ्यायचे. त्यांनी पहिल्या दिवशी काहीच सांगितलं नाही, ऑफिसातला एक आठवडा तासातासानं लिहून आण म्हणाले, कुठल्या कामात वेळ कसा गेला कळलं नाही आणि कुठं घड्याळ बघितलं ते सुद्धा. मी लिहून नेलं तर एक्स्पोर्टच्या मालाचे कागद करताना मी कधीच घड्याळ बघत नव्हते. मुरगावहून जहाज कधी निघणार, पॅकिंग लिस्ट, कस्टमवाल्यांचे फोन, मला त्यात मजा यायची आणि मी त्याला करिअर समजतच नव्हते. मग म्हणाले हे काम पूर्णवेळ करणाऱ्या तीन माणसांना भेट, त्यांचा पगार, त्यांचा वैताग सगळं विचार आणि मगच माझ्याकडं ये. तीन बैठकांत 1800 रुपये झाले. आज मी तेच काम करतेय, दुसऱ्या कंपनीत.

म्हणून दुसऱ्या बैठकीपर्यंत तुम्हाला करायला काही दिलं नाही, कोणाला भेटायला सांगितलं नाही, लिहून काही हातात ठेवलं नाही, तर तिसरे पैसे देऊ नका. आणि हे सगळं निकालानंतरच्या धावपळीत नको, डिसेंबर-जानेवारीत करा, तेव्हा त्यांनाही वेळ असतो आणि तुमचंही डोकं शांत असतं.

वहिनींच्या वहीत 11 प्रश्न निघाले. आठ तर कॉलेजच्या ऑफिसात आणि माहितीपत्रकातच सुटले, एक दाखल्याचा होता तो शाळेत जाऊन अर्ज करून आले. उरले दोन, डिप्लोमा की पीयू सायन्स आणि बाहेर ठेवायचं की घरूनच जाऊ दे. त्या दोन प्रश्नांसाठी काकांची एक बैठक ठरवलीय येत्या शनिवारी, वहिनी आणि पोरगा दोघं जाणारेत, दादांना पण या म्हणून सांगितलंय. मी फक्त वही विसरू नका म्हटलं.