बोरावरील फळमाशी: सापळ्याच्या आधी झाडाखालची जमीन पाहावी

संक्रांतीच्या सुगडात घालण्यासाठी आणलेले पिकलेले बोर नखाने उकलले, की कधीकधी बीभोवतीचा गर तपकिरी आणि ओलसर झालेला आढळतो व त्यात बिनपायांच्या मळकट पांढऱ्या अळ्या वळवळत असतात. हे काम कार्पोमाया वेसुवियाना या फळमाशीचे असते. अळी लालसर असून तिला पाय व गडद डोके दिसत असेल, तर ती पतंगवर्गीय फळ पोखरणारी अळी समजावी. म्हणून उपाय ठरवण्यापूर्वी निरनिराळ्या झाडांखालची वीस-पंचवीस बोरे फोडून पाहणे आवश्यक आहे.

आंबा किंवा पेरूच्या बागेत वापरले जाणारे मिथाइल युजेनॉलचे सापळे बोरीला टांगण्याची चूक अनेक जण करतात. त्या गंधाकडे आंब्यावरील फळमाशीचे नर ओढले जातात; बोराची माशी तिची दूरची नातेवाईक असली, तरी या गंधाला ती भुलत नाही. सापळा रिकामा राहिला म्हणून बाग निरोगी आहे असे मानणे तर त्याहून धोक्याचे, कारण हंगामाचे नुकसान फळे तोडायला घेतल्यावरच लक्षात येते.

माशी वाटाण्याएवढ्या कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते आणि अळी आतला गर खाऊन वाढते. पूर्ण वाढलेली अळी फळातून बाहेर पडून जमिनीत काही इंच खोलीवर कोशात जाते; त्यांपैकी काही कोश उन्हाळाभर तसेच पडून राहतात व पुढच्या बहराच्या वेळी त्यांतून माश्या निघतात. खरी लढाई म्हणूनच जमिनीशी आहे. छाटणीच्या सुमारास, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, झाडाच्या घेराखालची माती सुमारे 15 सेंटिमीटर खोल खणून उलटी करावी, म्हणजे कोश उन्हात तापून मरतात आणि उरलेले साळुंक्या व कोंबड्या वेचतात.

हंगाम सुरू झाल्यावर गळालेली आणि किडलेली बोरे एक-दोन दिवसांआड वेचावीत, कारण अळी फळातून बाहेर पडल्यानंतर फळ उचलून काहीच साधत नाही. वेचलेली बोरे बांधावर फेकण्याची सवय मोडावी. ती दोन फूट खोल पुरावीत किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवावीत. बांधावरच्या रानबोरी हा याच माशीचा कायमचा आसरा असतो, तेव्हा बागेलगतच्या झुडपांवरील फळे काढून टाकावीत. अख्खी झुडपे तोडणे मात्र मला अतिरेकी वाटते.

फळे वाटाण्याएवढी झाली, की 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी 5 किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी फडक्याने गाळून पाणी 100 लिटर करावे आणि थोडा साबणाचा चुरा मिसळून संध्याकाळी फवारणी करावी. रासायनिक कीटकनाशक घ्यायचेच असेल, तर कृषी विद्यापीठाची चालू शिफारस आणि डब्यावरील काढणीपूर्व प्रतीक्षाकाळ पाहूनच घ्यावे; बोर सालीसकट खाल्ले जाते. शिवाय एकाच बागेत केलेली फवारणी शेजारच्या दुर्लक्षित बोरीमुळे वाया जाते, म्हणून शेजाऱ्याशी बोलून दोघांनी एकाच आठवड्यात काम उरकावे.