काकडी-दोडक्याला मादी फुलं जास्त कशी आणायची

शिरोळ-हातकणंगले साईडला काकडी, दोडका, दुधी करणाऱ्यांची एक तक्रार कायम असते, वेल लई भारी गेलाय पण नुसती वांझ फुलं लागल्यात. अहो ती वांझ नाहीत, नर फुलं आहेत, परागकण तिथनंच येतात, ती खुडत बसू नका.

कळी अगदी बारीक असते तेव्हा तिच्यात नर-मादी दोन्ही भाग असतात आणि पुढं कुठला वाढणार हे बरंचसं इथिलीन हार्मोन ठरवतं. मादी होणाऱ्या कळीत एसीसी सिंथेज हे प्रोटीन तयार होतं, त्याच्यामुळं तिथं इथिलीन वाढतं आणि पुंकेसर जागेवरच थांबतात. जिबरेलिक अ‍ॅसिडचं काकडीत बरोबर उलटं, नर फुलं वाढतात, म्हणून वाढीसाठी म्हणून ते या वेळेला मारू नका.

मादी फुलं वाढवायला इथेफॉन नावाचं औषध फवारतात, त्यातनं झाडाला इथिलीन मिळतं. पण आधी बियाण्याचं पाकीट वाचा. नुसती मादी फुलं येणारी हायब्रीड काकडी असेल तर फवारायची गरजच नाही. आणि कलिंगडावर तर मुळीच नको, त्यात इथिलीननं मादी फुलं उलट कमी होतात.

रोप दोन खऱ्या पानांवर आलं की पहिली फवारणी, चार पानांवर दुसरी. वेल मांडवावर चढून फुलं दिसायला लागल्यावर मारून त्या फुलांत काही बदलत नाही, त्यांचं आधीच ठरलेलं असतं. इथेफॉन 39 टक्केवालं घ्या, 10 लिटर पाण्याला 2.5 मिली, म्हणजे साधारण 100 पीपीएम (दहा लाख भागांत 100 भाग) होतं. हे सिरींजनंच मोजा, झाकणानं अंदाजे नको, डोस वाढला की वेल खुंटतो, पानं पिवळी पडतात. द्रावण लगेच वापरा, कारण इथेफॉन आंबट पाण्यात टिकतं पण क्षारयुक्त पाण्यात ठेवलं की पंपातच इथिलीन उडून जातं. ऊन उतरल्यावर मारा, हातमोजे घाला, लेबल वाचा आणि पहिल्यांदाच करत असाल तर कृषी सहायकाला विचारून चार-पाच वेलांवरच बघा, शेजारी काही वेल बिनफवारणीचे ठेवा म्हणजे फरक कळतो.

मादी फूल आलं तरी परागीभवन झालं नाही तर फुलाखालची बारकी काकडी पिवळी पडून गळते, कारण फळ वाढवणारी हार्मोन्स पुढं बियांतनं येतात. काकडी सकाळी फुलते, दोडका आणि दुधी संध्याकाळी, तेवढ्या वेळेत कीटकनाशक बंद. मधमाश्या कमी दिसल्या तर ताजं नर फूल तोडून पाकळ्या काढा आणि मादी फुलात हलक्या हातानं फिरवा.