डॉलरच्या वाटेला जाण्याआधी

दिवाळीत भाचा खानापूरहून आला तो मोबाईलवरचं फॉरेक्सचं, म्हणजे परकीय चलनाच्या सौद्यांचं, अ‍ॅप पुढे करूनच. "मामा, बघ की, चारशे डॉलर झाले." आकडा हिरवागार होता. म्हटलं, झाले असतील तर त्यातले शंभर आधी काढून दाखव. काढायला गेला तर 'आधी तीस टक्के टॅक्स भरा' असा निरोप आला. त्याने पैसे भरले होते यूपीआयने, आणि दर वेळी वेगळ्याच माणसाच्या नावावर. मला कळायचं ते तिथेच कळलं, त्याला पटायला आणखी आठ दिवस लागले.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचे, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्याचे, हिशेब मी बरीच वर्षं बघतोय. कास्टिंग (ओतीव भाग) परदेशात जातात, डॉलर येतात, म्हणून गल्लीतली पोरं 'फॉरेक्स कसं सुरू करायचं' हे मलाच विचारतात. त्यांना जे तोंडी सांगतो तेच इथे लिहितोय.

अकाउंट उघडण्याच्या आधी एका प्रश्नाचं उत्तर वहीत लिहा. तुमच्या घरात किंवा धंद्यात खरोखर परकीय चलन येतं किंवा जातं का? हा प्रश्न माझ्या मनचा नाही. रिझर्व्ह बँकेच्या 5 जानेवारी 2024च्या परिपत्रकानुसार, रुपयाशी जोडलेले चलनाचे फ्युचर आणि ऑप्शन (पुढच्या तारखेचा भाव आज ठरवणारे करार) एक्स्चेंजवर घ्यायचे तर त्यामागे तुमची खरी देणी-घेणी असली पाहिजेत. अंमल एप्रिलवरून पुढे ढकलून 3 मे 2024पासून झाला. दहा कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवावे लागत नाहीत, पण व्यवहार मात्र असावाच लागतो. 'दाखवायचं नाही' म्हणजे 'असायला नको' असा सोयीचा अर्थ आधी सगळ्यांनीच लावला होता. आता ब्रोकर तसं लिहून मागतात, आणि खोटं लिहून दिलं तर सही तुमचीच असते.

आपल्याकडे हे कोणाला लागू पडतं? कास्टिंग निर्यात करणाऱ्यांना. आफ्रिकेतून कच्चा काजू मागवणाऱ्यांना. परदेशातून मशीनची ऑर्डर दिलेल्यांना. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याने इथेच थांबावं आणि सहा महिने नुसत्या वहीवर सौदे मांडावेत. तारीख, भाव, का घेतला, कुठे सोडला, एवढे चार रकाने पुरेत. इक्विटीच्या फ्युचर-ऑप्शनमध्ये 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत शंभरातले 93 वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले, हा सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेचा, सप्टेंबर 2024चा अभ्यास आहे. तो चलनाचा नाही, पण माणसं तीच आहेत.

आता भाच्याच्या मोबाईलवर होतं तसल्या अ‍ॅपांचं. एकास पाचशे उधारी (एका रुपयावर पाचशेचा सौदा), रात्रभर बाजार, टेलिग्रामवर गुरुजी. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022मध्ये अशा परवाना नसलेल्यांची पहिली सावधगिरीची यादी काढली, त्यात 34 नावं होती. पुढे ती वाढतच गेली. यादीत नाव नाही म्हणजे परवाना आहे असं नव्हे, हे बँकेनेच सांगून ठेवलंय. 'वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात की' असं क्लासवाले म्हणतात. येतात, शिक्षणाला, प्रवासाला, शेअर घ्यायला. परदेशी ब्रोकरकडे मार्जिन, म्हणजे सौद्यासाठीची अनामत, भरायला नाही. परकीय चलनाच्या फेमा कायद्याखाली गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे फसवले गेलेले तुम्ही आणि नोटीसही तुम्हालाच.

ज्यांना खरी गरज आहे त्यांनी आता कागद गोळा करावेत. पॅन, आधार, रद्द केलेला चेक, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, निर्यात-आयात असेल तर आयईसी कोड (आयात-निर्यातदाराचा नोंदणी क्रमांक) आणि चालू ऑर्डरची इन्व्हॉइस. आपल्या भागात घोळ होतो तो नावावर. पॅनवर वडिलांचं नाव मधे, आधारवर आडनाव आधी, बँकेत नुसती इनिशियल. पत्त्यात एकीकडे बेळगाव, दुसरीकडे बेळगावी. हे सगळं आधीच एकसारखं करून घ्या. पुढे ऑर्डर हातात असताना केवायसी अडकली की फार चिडचिड होते.

मग ब्रोकरकडे जाण्याआधी बँकेत जा. हे पायरी सोडून सांगतोय असं वाटेल, पण लहान निर्यातदाराला पुष्कळदा फ्युचरची गरजच नसते. बँकेशी फॉरवर्ड करार केला की तीन महिन्यांनंतरचा भाव आजच ठरतो. शिवाय क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा एफएक्स-रिटेल हा प्लॅटफॉर्म ऑगस्ट 2019पासून चालू आहे. त्यावर बँकेमार्फत नोंदणी केली की बाजारातला भाव स्वतः दिसतो, आणि बँक आपल्याकडून किती पैसे वर घेते ते वेगळं कळतं. काउंटरवर विचाराल तर 'असं काही नाही' असं उत्तर मिळू शकतं. पुन्हा विचारा.

एवढं करूनही एक्स्चेंजवर जायचं असेल तर ब्रोकरचा सेबी नोंदणी क्रमांक सेबीच्या साइटवर तपासा. तो आयएनझेडने सुरू होतो. करार समजून घ्या. डॉलर-रुपयाचा एक लॉट, म्हणजे सौद्याचं लहानात लहान माप, हजार डॉलरचा. भाव पाव पैशाच्या पायरीने हलतो, म्हणजे पायरीमागे लॉटला अडीच रुपये आणि रुपयाच्या फरकाला हजार. येनचा लॉट एक लाखाचा, भाव शंभर येनचा. महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसाच्या दोन दिवस आधी दुपारी साडेबाराला करार संपतो, आणि हिशेब रुपयांत होतो. हातात डॉलर कधीच येत नाही. 2024नंतर गर्दी ओसरली आहे, म्हणून लांबच्या महिन्यात घेणाऱ्या आणि विकणाऱ्याच्या भावात किती अंतर आहे ते आधी बघा.

सगळ्यात जास्त तयारी लागते ती रोजच्या रोकडीची, आणि याबद्दल कोणी बोलत नाही. समजा तुमचे 10,000 डॉलर तीन महिन्यांनी यायचे आहेत. रुपया वधारला तर कमी मिळतील या भीतीने तुम्ही 90च्या भावाने दहा लॉट विकले. डॉलर 88वर आला तर इन्व्हॉइसवर वीस हजार कमी आणि फ्युचरवर वीस हजार जास्त, फिट्टंफाट. पण तो 92वर गेला तर? इन्व्हॉइसचे वीस हजार वाढीव मिळतील तीन महिन्यांनी, आणि फ्युचरचे वीस हजार जातील आज, उद्या, परवा, रोज संध्याकाळी थोडे थोडे, कारण फ्युचरचा हिशेब रोजच्या रोज चुकता होतो. आमच्याकडे एकदा असंच झालं. कागदावर सगळं बरोबर होतं आणि शनिवारच्या पगाराचे पैसे ब्रोकरकडे गेले होते. मालक म्हणाले, "भाव चढला तर आपला फायदा म्हणालास, मग रोज पैसे कसले जातात?" उत्तर बरोबर होतं, वेळ चुकीची होती. तेव्हापासून मार्जिन सोडून लॉटमागे चार-पाच हजार रुपये वेगळे ठेवल्याशिवाय मी सौदा करू देत नाही. तेही कधी पुरत नाहीत. मे 2013मध्ये 54च्या आसपास असलेला डॉलर 28 ऑगस्टला 68च्या वर होता. लॉटमागे चौदा हजार.

घड्याळ आणि कॅलेंडर भिंतीवर लावा. आपला बाजार सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. अमेरिकेचे नोकऱ्यांचे आकडे बहुधा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सहाला आणि हिवाळ्यात सातला येतात, म्हणजे आपण शटर ओढल्यावर. सोमवारी भाव कुठे उघडेल ते तुमच्या स्टॉपलॉसला (तोटा थांबवायला आधीच लावून ठेवलेल्या भावाला) विचारून ठरत नाही. सुट्ट्या मुंबईच्या पाळायच्या. 1 नोव्हेंबरला इथल्या बँका कर्नाटक राज्योत्सवासाठी बंद, मराठी माणूस काळा दिवस पाळतो, आणि कामाचा वार असेल तर मुंबईचा बाजार मात्र चालू. 19 फेब्रुवारीला उलट, शिवजयंतीला बाजार बंद आणि इथली बँक उघडी. मार्जिनचे पैसे आदल्या दिवशीच भरलेले बरे.

कराचं सीएला पहिल्याच महिन्यात विचारा, मार्चमध्ये नको. हे उत्पन्न धंद्याचं धरलं जातं, पगारदारालाही आयटीआर-3 भरावा लागतो, आणि तोटा पुढे न्यायचा तर विवरणपत्र मुदतीत हवं.

भाच्याने शेवटी 1930वर, सायबर फसवणुकीच्या तक्रारींच्या नंबरवर, फोन केला. स्क्रीनशॉट आणि प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर (बँकेचा व्यवहार-ओळख) क्रमांक जवळ होता म्हणून तक्रार निदान नोंदवली गेली. पैसे अजून आलेले नाहीत. परवा वही घेऊन आला होता. चार रकाने आखलेले, अकरा सौदे, सात तोट्यात, आणि 'का घेतला' या रकान्यात पाच ठिकाणी नुसतंच 'वाटलं' असं लिहिलेलं.