भेटी वाढल्या, पण पावती निघाली का? महापालिकेच्या वेबसाइटचं मोजमाप करताना या चुका टाळा

जुलैमध्ये मुंबईत दोन दिवस पावसानं झोडपलं की महापालिकेच्या वेबसाइटवर झुंबड उडणार, हे ठरलेलं. समुद्राला भरती किती वाजता, पाणी कुठे तुंबलंय, उद्या शाळा आहे की सुट्टी, हे बघायला लोक येतात. महिनाअखेरीच्या अहवालात त्याच गर्दीचं वर्णन ‘नागरिकांचा वाढता प्रतिसाद’ असं झालं, तर मोजणाऱ्यानं पावसाचं श्रेय वेबसाइटला दिलं म्हणायचं.

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या वेबसाइटचं काम कसं चाललंय हे बघताना सगळ्यात जास्त फसगत होते ती भेटींच्या आकड्यानं. दुकानाच्या वेबसाइटला गर्दी हवीच असते. महापालिकेचं तसं नाही. जन्मदाखल्याचा अर्ज तीनदा अडकला म्हणून एकच बाई तीनदा आल्या, तर आलेखात तीन भेटी दिसतात. ‘हिट’ तर त्याहून फसवे. एक पान उघडताना चित्रं, फॉन्ट आणि बाकीच्या फायली मिळून पन्नास वस्तू मागवल्या गेल्या, तर पन्नास हिट धरले जातात. पानाच्या तळाशी फिरणारा ‘आपण अमुकावे अभ्यागत’ हा काउंटर अहवालात घालूच नका.

त्याऐवजी चार-पाच कामं निवडा: मालमत्ता कर, पाणीपट्टी, जन्म-मृत्यू दाखला, तक्रार, विभाग कार्यालयाचा पत्ता. प्रत्येक कामाला किती जणांनी हात घातला, किती जणांचं पूर्ण झालं आणि बाकीचे नेमके कुठल्या पानावर थांबले, एवढं काढा.

कर भरला, पण नोंद नाही

गोंधळ इथेच जास्त होतो. मुख्य वेबसाइट एका ठेकेदाराची, कर भरण्याचं पोर्टल दुसऱ्याचं, पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणारी यंत्रणा, तिसऱ्याची. मोजणीचा टॅग, म्हणजे भेटी नोंदवणारा कोडचा तुकडा, बहुधा पहिल्याच ठिकाणी असतो. मग ‘बिल भरा’ बटण दाबल्यावर सगळेच पळून जातात, असं चित्र दिसतं. लोक पळालेले नसतात, ते पुढच्या दारानं आत गेलेले असतात. तिथे टॅग लावा. पत्ता, म्हणजे डोमेन, बदलत असेल तर दोन्ही डोमेन जोडून मोजण्याची सोय सुरू करा. गुगल अॅनालिटिक्स या भेटी मोजणाऱ्या साधनाच्या सेटिंगमध्ये नको असलेल्या रेफरलची, म्हणजे माणूस जिथून आला त्या साइटची, यादी असते, तिच्यात गेटवेचं डोमेन टाका. नाहीतर पैसे भरून परतलेल्या माणसाची नोंद ‘बँकेच्या साइटवरून आलेला’ अशी होऊ शकते.

याच्या उलटही घडतं. पावतीचं पान कुणी रिफ्रेश केलं की एकच भरणा दोनदा धरला जातो. व्यवहार क्रमांकावरून दुबार नोंदी गाळा आणि महिन्यातून एकदा आपला आकडा लेखा खात्याच्या आकड्याशी ताडून बघा. दोन्ही जुळत नसतील तर आधी अॅनालिटिक्सवर संशय घ्या. खात्यातून पैसे गेले पण पावती आली नाही, अशा व्यवहारांची वेगळी मोजणी हवी. त्याचा पत्ता बऱ्याचदा डॅशबोर्डच्या आधी हेल्पलाइनवरच्या फोनवरून लागतो. म्हणून फोन घेणाऱ्यांची नोंदवहीही मागवत जा.

वेग कुठे बसून मोजता?

मुख्यालयातल्या केबलवर पान झटकन उघडतं. मानखुर्दला लोकलच्या गर्दीत, चार वर्षं जुन्या फोनवर तेच पान गोलगोल फिरत राहतं. लाइटहाउससारखं पानाच्या वेगाला गुण देणारं साधन मोबाइलची चाचणी घेताना मुद्दाम नेटचा वेग आणि प्रोसेसर मंदावतं, म्हणून तिथला गुण कमी आला की ‘आमच्याकडे तर छान चालतं’ हे उत्तर टिकत नाही. पण तीही प्रयोगशाळाच. खऱ्या वापराचे आकडे हवेत. क्रोम वापरणाऱ्यांच्या नोंदींवरून गुगल मागच्या 28 दिवसांचं चित्र देतं. चारपैकी तीन भेटींत मुख्य मजकूर 2.5 सेकंदांत दिसला, तर वेग चांगला धरतात.

हे आकडे आणि गुण दाखवणारं गुगलचं पेजस्पीड इनसाइट्स वापरताना दोन ठिकाणी हमखास घसरण होते. कमी वर्दळीच्या पानाचे स्वतःचे आकडे नसतील तर तिथे पूर्ण साइटचे दाखवले जातात. ‘हे पान’ की ‘पूर्ण साइट’ हे वर लिहिलेलं असतं, ते वाचा. दुसरं म्हणजे लॉगिनच्या आतल्या पानाची लिंक दिली तर साधन बाहेरच अडतं आणि लॉगिनच्या पानालाच गुण देऊन मोकळं होतं. अर्जाचं पान उत्तम चालतंय, असं आपण समजून चालतो.

सरासरीवरही भरवसा नको. नऊ जणांना पान 2 सेकंदांत दिसलं आणि दहाव्याला 42 सेकंद लागले, तर सरासरी 6 सेकंद येते. एवढा वेळ दहांपैकी एकालाही लागलेला नसतो.

‘99 टक्के सुरू’ म्हणजे काय

वर्षातले जवळपास 88 तास बंद. ते रात्री दोन वाजता गेले तर कुणाला कळणारही नाही, 31 मार्चच्या संध्याकाळी गेले तर बोंब होईल. म्हणून गर्दीच्या दिवसांचा हिशेब स्वतंत्र ठेवा. शिवाय तपासणारं यंत्र फक्त मुख्य पान उघडतं का, एवढंच बघत असेल तर ‘सर्व्हर व्यस्त आहे’ ही पाटीही त्याला चालते, कारण पाटी व्यवस्थित उघडलेली असते. पानावरचा एखादा ठरावीक शब्द शोधायला त्याला सांगा.

शोधपेटीकडे बघा

मला स्वतःला सगळ्यात बोलका अहवाल हाच वाटतो: लोकांनी काय शोधलं आणि हाती काहीच लागलं नाही. दादरच्या माणसाला आपण महापालिकेच्या ‘जी उत्तर’ विभागात राहतो हे ठाऊक असेलच असं नाही, तो ‘दादर ऑफिस’ लिहिणार. अंधेरीचा माणूस ‘के पूर्व’ कशाला टाइप करेल? परिपत्रक स्कॅन करून चढवलेलं किंवा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधलं असेल, तर मराठी शब्द अचूक लिहूनही ते सापडत नाही. अॅनालिटिक्समध्ये शोधांचा आकडा शून्य दिसला तर लोक शोधत नाहीत, असा निष्कर्ष काढू नका. शोधशब्द लिंकमध्ये ठरावीक नावाखाली येत असेल तरच तो आपोआप नोंदला जातो.

पानावर घालवलेल्या वेळेचंही तसंच. जीए4 मध्ये, म्हणजे गुगल अॅनालिटिक्सच्या सध्याच्या आवृत्तीत, दहा सेकंदांच्या आत एकच पान बघून माणूस निघून गेला, तर ती भेट सहसा ‘बाउन्स’, म्हणजे न गुंतताच परत गेलेली, ठरते. विभाग कार्यालयाचा फोन नंबर सहा सेकंदांत मिळालेला माणूस असाच निघून गेलेला असतो. फॉर्मवर पंधरा मिनिटं घालवणारा मात्र ‘गुंतलेला’ मोजला जातो. कॅप्चा पुन्हा पुन्हा चुकल्यावर कुणीही गुंतेलच.

एक शेवटची तपासणी आजच करून टाका. अर्जाच्या लिंकमध्ये मोबाइल नंबर किंवा नाव दिसत असेल तर ते मोजणीच्या साधनाकडेही जातं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर तर हे अंगाशी येऊ शकतं. ती लिंक आधी बदलून घ्या, आलेख नंतर काढा.