दुसऱ्या प्रॉक्सीवर गेलं की स्विच लाल

रावेरच्या केळी शीतगृहात पहिला प्रॉक्सी (तिथल्या यंत्रांची माहिती गोळा करून मुख्य सर्व्हरला पाठवणारा) बंद पडला की आमच्या जळगावच्या झॅबिक्समध्ये (नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) तिथले सगळे नेटवर्क स्विच लाल व्हायचे. झॅबिक्स ७.० मधला प्रॉक्सी ग्रुप (एक पडला की दुसरा प्रॉक्सी काम घेतो ती सोय) लावलेला, त्यामुळे दुसरा मिनिटभरात काम उचलायचाही. पिंगला उत्तर येई, एसएनएमपीला (स्विचला त्याची अवस्था विचारायची पद्धत) नाही. दुसऱ्या प्रॉक्सीवरूनच एसएनएमपीवॉक (तीच विचारणा हाताने करायची कमांड) चालवलं, तर टाइमआउट! स्विचच्या अ‍ॅक्सेस लिस्टमध्ये (कोणाला उत्तर द्यायचं त्याची यादी) एकट्या पहिल्याचा आयपी होता. दुसरा आयपी घातला, फायरवॉलवर यूडीपी १६१ (एसएनएमपीचा पोर्ट) दोघांना मोकळं केलं; लगेच हिरवं.

बाकी ग्रुप होस्ट (नजरेखालची यंत्रं) वाटून घेतो, पण डिस्कव्हरीचा (नवी यंत्रं शोधण्याचा) नियम एकाच प्रॉक्सीला द्यावा लागतो. तीच आयपी रेंज दोघांकडून शोधू नका. वेगळ्या प्रॉक्सीला सापडलेलं यंत्र झॅबिक्स वेगळा होस्ट मानतं आणि यादीत स्विच दुबार येतात.