उन्हाळ्यात लॉनला रोज शिंपडू नका, आठवड्यातून दोनदा मुरवा

पुण्यात एप्रिल लागला की पारा चाळिशीला टेकतो, दुपारची हवा कोरडीठाक होते आणि घरोघरी संध्याकाळी पाइप धरून लॉनवर पाच-दहा मिनिटं शिंपडणं सुरू होतं. ते आधी थांबवा. अशा शिंपडण्यानं वरची जेमतेम अर्धा इंच माती ओली होते. ओल जिथं असेल तिथंच मुळं राहतात. ती वरच राहिली, की दुपारी तापलेल्या मातीत सगळ्यात आधी तीच भाजतात.

पाणी आठवड्यातून दोनदाच द्या, पण खोलवर मुरेल असं. हिशेब सोपा आहे. आठवड्याला 25 मिलिमीटर म्हणजे 100 चौरस फुटांना साधारण 230 लिटर, दोन पाळ्यांत निम्मं निम्मं. पाइपखाली 15 लिटरची बादली लावून वेळ मोजा. मिनिटभरात भरत असेल, तर 100 चौरस फुटांना एका पाळीला आठ मिनिटं पुरतात. एवढ्यावर हरळी आणि सिलेक्शन नंबर वन ही लॉनची गवतं तग धरतात, रंगही बऱ्यापैकी राखतात. काळ्या मातीत पाणी हळू जिरतं, म्हणून चार मिनिटं द्या, अर्धा तास थांबा, मग उरलेली चार. पाणी फरशीवर वाहायला लागलं, की ते गटारातच जाणार.

वेळ पहाटेची, उन्हं चढायच्या आत. तुमच्याकडे पाणी संध्याकाळीच येत असेल तर संध्याकाळी द्या, आपल्या कोरड्या हवेत त्यानं फारसं बिघडत नाही. भर दुपारी मात्र नको. गुरुवारी पाणी बंद राहणार असेल, तर ती पाळी बुधवारीच उरका.

पाणी खरंच मुरलं का, हे बघायला लांब स्क्रूड्रायव्हर घ्या आणि पाळी झाल्यावर तासाभरानं लॉनमध्ये खुपसा. पाच-सहा इंच सहज गेला तर काम झालं. गेल्या मे महिन्यात एका नव्या सोसायटीत मी हेच करत होतो. लॉनभर हिरवं आणि मधोमध ताटाएवढे चार पिवळे डाग. माळीदादा त्या डागांवर रोज दुप्पट पाणी ओतत होते. स्क्रूड्रायव्हर तीन इंचांवर खट्‌कन अडला. खुरप्यानं उकरलं तर खाली विटांचे तुकडे, प्लास्टरची ढेकळं, एक सिमेंटची अर्धी गोणी. वर बोटभर लाल माती, त्यावर तयार लॉनचं कार्पेट अंथरलेलं. तिथं पाणी टिकणार कुठं? एकाच जागी डाग परत परत पडत असेल, तर पाणी वाढवण्याआधी उकरून बघा. राडारोडा काढून तिथं पोयट्याची माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत भरा.

लॉनला तहान लागल्याचं ते स्वतःच सांगतं. सकाळी त्यावरून चालत जा आणि मागे वळून बघा. पावलांचे ठसे तसेच राहिले, पाती मिटून निळसर-राखाडी दिसू लागली, की त्याच दिवशी पाणी द्या.

कापणीत सगळ्यात मोठी चूक होते. ‘एकदाच बारीक करून टाका’ असं माळ्याला सांगू नका. उन्हाळ्यात गवत दोन इंच ठेवा, एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त काढू नका. उंच पात्यांची सावली मातीवर पडते आणि ओल टिकते. मशीनचं पातं धारदार हवं. बोथट पात्यानं गवत कापलं जात नाही, फाटतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळी टोकं पांढरट दिसतात.

एप्रिल-मे महिन्यांत युरिया अजिबात नको. त्यानं कोवळी वाढ फुटते आणि तिला जास्त पाणी लागतं. खताची वेळ जूनमध्ये. धुण्याचं साबणी पाणी, आरओचं टाकाऊ पाणी लॉनवर सोडू नका. क्षार साठतात आणि काळी माती आणखी आवळते.

लग्नसराईत लॉनवर मांडव असेल, तर सतरंज्या कार्यक्रम संपताच उचला. उन्हात दिवसभर राहिल्या तर खालचं गवत अक्षरशः उकडतं.

आणि टँकर मागवायची वेळ आली, तर? घरातल्या माणसांचं पाणी आधी. लॉन हरळीचं असेल तर त्याला खुशाल पिवळं पडू द्या. शेतकऱ्यानं नांगरून, वेचून काढलेली ही हरळी पुन्हा उगवतेच. वर वाळली तरी तिचे जमिनीतले धुमारे जिवंत असतात. दर तीन आठवड्यांनी 100 चौरस फुटांना शंभरेक लिटर द्या आणि त्यावर चालणं, खुर्च्या, क्रिकेट बंद ठेवा. सावलीतल्या रुंद पानांच्या कार्पेट गवताला मात्र हा ताण सोसत नाही.

वळवाची मोठी सर आली तर पुढची पाळी चुकवा. त्या रात्री कडुनिंबाच्या, बाभळीच्या फांद्यांवर तपकिरी भुंगेरे दिसले, तर फांद्या हलवून ते खाली पाडा आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. हेच भुंगेरे मातीत अंडी घालतात आणि पावसाळ्यात त्यांची अळी, म्हणजे हुमणी, लॉनची मुळं खाते. लव्हाळ्याचं तणही पाऊस सुरू व्हायच्या आतच खुरप्यानं गाठींसकट काढा. नुसतं वरून उपटलं तर दुपटीनं येतं.

जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले, की मोकळ्या राहिलेल्या जागी नवं कार्पेट विकत आणायची गरज नाही. आपल्याच लॉनच्या कडेचे धुमारे काढा, दोन-तीन पेरांचे तुकडे करा आणि चार-चार इंचांवर अर्धे मातीत दाबून लावा.